बिनधुराची गाडी, धानाचा रस्ता

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही विजेच्या गाडीवर ड्रायव्हर होता ना? काही गमतीदार प्रसंग लिहा. दिवाळी अंक आहे, लोक चिवडा खात वाचतात." मी हो म्हटलं. पण आधीच सांगून ठेवते, चिवडा घशात अडकला तर जबाबदारी माझी नाही.

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहीत आले. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, बसच्या फेरीसाठी, रोजगार हमीच्या कामासाठी. आमच्या संघटनेत पत्रकाचा एकच नियम शिकवला होता. पहिल्या चार ओळींत सांगा की कोणाचं काय गेलं. नाहीतर लोक त्या कागदात भजी बांधून नेतात. तोच नियम इथे पाळते. नवेगाव बांधच्या शेवंता मावशींचा डावा हात, ज्या हातावर त्यांचा जीव टिकून आहे, तो एका गाडीच्या हुशारीने दुखावला. त्याची शिक्षा गाडीला झाली नाही, बनवणाऱ्याला झाली नाही, चालवायला देणाऱ्यालाही झाली नाही. मावशींना झाली. ती गाडी मी चालवत होते.

मी सौंदडची. गोंदियातल्या एका संस्थेने किडनीच्या पेशंटना डायलिसिससाठी खेड्यातून शहरात आणायची योजना काढली. गाडी विजेची, चालक महिला, पेशंट गरीब. अशा तीन गोष्टी एका फ्लेक्सवर बसल्या की फोटोला माणसं कमी पडत नाहीत. उद्घाटनाला इतके लोक आले की गाडी दिसेना. माझ्या हातात चावी देताना मला चार वेळा हसायला लावलं, कारण फोटोग्राफरचा फ्लॅश पेटत नव्हता. त्यातला एकही माणूस नंतर त्या गाडीत बसून नवेगाव बांधला आला नाही.

तरी आधी गाडीची बाजू मांडते, कारण मी तिच्या विरोधात नाही. प्रदूषणावर मी स्वतः पत्रकं वाटली आहेत. डायलिसिस करून निघालेला माणूस म्हणजे पिळून काढलेलं फडकं. डिझेलचा वास आला की त्याला ओकारी येते, गाडी थरथरली की डोकं फिरतं. या गाडीत धूर नाही, थरथर नाही, आवाज नाही. पहिल्या दिवशी मावशी पुढच्या सीटवर बसल्या, मी बटण दाबलं, तरी त्या वाट पाहतच राहिल्या.

"चालू कर ना वो पोरी."

"चालू आहे मावशी."

"कुठी चालू आहे? आवाज तं येऊनच नाही राहिला."

गाडी हलली तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगा बाप्पा! हे तं तळ्यात डोंगा सोडल्यावानी झालं." डोंगा म्हणजे मासेमारांची छोटी नाव. मावशी ढिवर समाजाच्या. नवरा तळ्यावर जाळं टाकतो आणि मावशी बाजारात मासे विकायच्या. नवऱ्याने एक दिवस जाळं सोडलं तर त्या दिवशी चूल नाही, म्हणून सोबत कोणी नाही. सोमवारी आणि गुरुवारी त्या आणि मी, एवढाच आमचा संसार.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. किडनी बंद पडली की आठवड्यातून दोनतीनदा मशीनने रक्त धुवावं लागतं. त्यासाठी डॉक्टर हातातल्या दोन नसा ऑपरेशन करून जोडतात. ती नस फुगते आणि सुया तिथेच टोचतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत बारीक घरघर लागते. घरघर आहे तोवर हात चालू. ती थांबली की मानेत नळी घाला, दुसरं ऑपरेशन करा, जमलं तर जमलं. म्हणून हे पेशंट त्या हाताने पाण्याचा गुंड, म्हणजे हंडासुद्धा उचलत नाहीत. मावशी तो हात पदरात घेऊन बसायच्या, तान्हं पोर घ्यावं तसा. आणि मशीनची वेळ ठरलेली. उशीर केला तर तेवढं धुणं कमी होतं, कारण मागे दुसरा पेशंट उभा असतो. नवेगाव बांधहून रेल्वे आहे, पण तिच्या वेळेवर मशीन चालत नाही.

आता चार्जिंग. फ्लेक्सवर लिहिलं होतं, "घरी लावा, सकाळी निघा." गाडी रात्री माझ्याकडे सौंदडला असायची. भिंतीवर एक डबा बसवून दिला, त्याची गन गाडीला लावायची. पहिल्याच संध्याकाळी डब्यावर लाल दिवा. कारण अर्थिंग. शहरातल्या माणसाला अर्थिंग दिसत नाही आणि आमच्या गावात ते असत नाही. टीव्ही चालतो, पंखा चालतो, कोणी तक्रार करत नाही. ही गाडी मात्र जमिनीशी नातं तपासल्याशिवाय वीज घेत नाही. चांगली गोष्ट आहे, मला आवडली. मग अंगणात खड्डा खणून सळई, मीठ, कोळसा पुरला. पण आमची जमीन मुरमाड, उन्हाळ्यात ओल राहत नाही. म्हणून आई रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "का पेरलं वो येथी? उगवत तं काही नाही." आई म्हणाली, "गाडी पेरली. दुसरी आली का तुमाले देतो."

त्यावर उन्हाळी धानाचे दिवस. संध्याकाळी लाइन आली की सगळ्या बांध्यांवरच्या, म्हणजे भातखाचरांवरच्या, मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. गाडी चार्जिंग सोडून देते. तुम्ही झोपलेले, गाडी उपाशी, आणि सकाळी मावशी रस्त्यावर उभ्या. मी कोऑर्डिनेटर सरांना फोन केला. सर गोंदियाचे, बोलणं सगळं हिंदीत. त्यांनी माणसाबरोबर एक छोटा प्लग पाठवला. "इसे बीच में लगा दो मैडम, लाल बत्ती की झंझट ही खतम."

तो प्लग काय करतो ते इलेक्ट्रिशियनकडून समजून घेतलं. गाडीला खोटं सांगतो की अर्थिंग आहे. कुठे एक तार तुटली तर गाडीचा सगळा पत्रा करंट मारेल. मी सरांना म्हटलं, "सर, या गाडीचं दार पेशंट उघडतात."

"सब लगाते हैं मैडम. आप ही को प्रॉब्लम है."

हे वाक्य मी त्या नोकरीत इतकं ऐकलं की ते माझ्या ओळखपत्रावर छापायला हरकत नव्हती. प्लग मी लावला नाही. अंगणात दुसरा खड्डा खणला आणि आईची एक बादली वाढली.

रस्त्यातल्या चार्जिंगची एक गोष्ट सांगते, संपादकांची गंमत त्यात वसूल होईल. मे महिना होता. मशीन बिघडल्यामुळे मावशींना दवाखान्यातच दुपार झाली. तेवढा वेळ गाडी उन्हात उभी. निघालो तेव्हा स्क्रीनवरचा आकडा पुरेसा होता. पण तो आकडा निवडणुकीतल्या आश्वासनासारखा असतो, एसी लावला की खाली येतो. डायलिसिस झालेल्या बाईला मे महिन्यात विनाएसी न्यायची का? कोहमाऱ्याजवळ हायवेवर चार्जर आहे. मोबाईलमधलं ॲप सांगत होतं, उपलब्ध. गेलो. चार्जरच्या शेडखाली शेळ्या बसल्या होत्या, त्या उठवल्या. गन लावली. ॲप म्हणालं ओटीपी टाका. ओटीपी येईना. कस्टमर केअरला फोन लावला.

"मैडम, क्या आप लोकेशन पर हैं?"

"लोकेशन पर ही हूँ. चार्जर के सामने खड़ी हूँ."

"मैडम, हमारे सिस्टम में चार्जर ऑनलाइन दिख रहा है."

"यहाँ उसकी स्क्रीन भी बंद है भैया."

"लेकिन सिस्टम में तो चालू है मैडम."

हे बराच वेळ चाललं. मावशी सीट मागे टाकून डोळे मिटून पडल्या होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "त्याले म्हन, तुह्या सिस्टीममंदीच बसवून मले घरी सोडून दे."

शेवटी काचा उघड्या टाकून, बैलगाडीच्या चालीने आम्ही सौंदडला माझ्या घरी पोचलो. गाडी डब्याला लावली आणि मावशी आमच्या बाजेवर पडल्या. आई सवयीने तांब्याभर पाणी घेऊन आली. मावशींनी तांब्याकडे असं पाहिलं की मला आजही ते डोळे आठवतात. किडनीच्या पेशंटला पाणी मोजून मिळतं. त्यांनी तांब्या परत दिला आणि म्हणाल्या, "बाई, बर्फाचा तुकडा आहे का? चघळतो." आई शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून बर्फ घेऊन आली. ज्या बाईचं आयुष्य तळ्याच्या काठी गेलं, ती आमच्या ओसरीत बर्फाचा तुकडा जिभेवर फिरवत गाडीचं पोट भरायची वाट पाहत होती. फ्लेक्सवाल्यांनी हा फोटो काढायला हवा होता.

आता गाडीच्या हुशारीकडे येते. या गाडीच्या काचेवर कॅमेरा आहे. तो रस्त्यावरच्या रेघा पाहतो आणि तुम्ही रेघ ओलांडली की पीं पीं करतो, स्टिअरिंगही हळूच ओढतो. समोर माणूस किंवा वाहन दिसलं आणि तुम्ही थांबला नाहीत, तर गाडी स्वतःच ब्रेक मारते. कागदावर वाचाल तर टाळ्या वाजवाल. मीही वाजवल्या. मोठ्या शहरातल्या हायवेवर ही सोय कोणाचा तरी जीव वाचवत असेल, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण कोहमाऱ्यापासून नवेगाव बांधपर्यंतच्या रस्त्याला रेघा कुठे आहेत? जिथे होत्या तिथे डांबरासोबत गेल्या. मग गाडी आपल्या मनाने रेघा शोधते. झाडाची सावली म्हणजे रेघ. ट्रॅक्टरच्या चिखलाचा पट्टा म्हणजे रेघ. म्हशींचा कळप म्हणजे काय ते तिला ठरवता येत नाही, म्हणून ती सतत ओरडते. मावशींनी त्या आवाजाला नाव ठेवलं होतं, बुडी. घरातली म्हातारी कोपऱ्यात बसून खाकरते ना, तशी.

"आता का झालं वो हिले? कायले खाकरून रायली बुडी?"

"डावीकडे रेघ आहे म्हणते."

"कुठी आहे रेघ? शेन आहे ते."

ही हुशारी मेनूमध्ये जाऊन बंद करता येते. पण गाडी परत सुरू केली की ती परत जागी होते. शिवाय संस्थेने स्क्रीनजवळ स्टिकर लावला होता, सुरक्षा प्रणाली बंद करू नये. बंद केल्याचं त्यांना गोंदियात बसून कळतं आणि चालकाला नोटीस येते. मला दोन आल्या होत्या.

आणि मग येतो धानाचा हंगाम. आमच्याकडे धान कापलं की त्याला ओल असते. ओलं धान सरकारी खरेदी केंद्रावर घेत नाहीत. पूर्वी घरोघर खळी होती, आता हार्वेस्टर येतो आणि एका सकाळी सगळं धान एकदम अंगावर पडतं. ते वाळवायचं कुठे? डांबरी रस्ता तापतो, त्यावर लवकर वाळतं. म्हणून रस्त्याच्या एका अंगाला लांबच लांब धान पसरतात. कडेने दगड आणि पळसाच्या फांद्या लावतात, म्हणजे वाहनवाला दुसऱ्या अंगाने जातो. हे बरोबर आहे का? नाही. मोटारसायकली घसरतात, मला माहीत आहे. पण दुसरी जागा कोणी दिली आहे का? तीही नाही. वर्षातले थोडे दिवस हा रस्ता अर्धा गावाचा आणि अर्धा वाहनांचा असतो, आणि एसटीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना हा करार पाठ आहे. आमच्या गाडीला कोणी सांगितलाच नव्हता.

नवेगाव बांधच्या अलीकडे कापगते काकांची बांधी रस्त्याला लागून आहे. हळू बोलणारा माणूस. मागच्या वर्षी पहाटेच्या धुक्यात एक ट्रक त्यांच्या धानावरून गेला होता. म्हणून या वेळी त्यांनी धानाच्या टोकाला एक बाहुला उभा केला. जुनी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबलेली आणि डोक्यावर फुटकं हेल्मेट. एक हात रस्त्याकडे, थांब म्हटल्यासारखा. ट्रकवाले त्याला हॉर्न देऊन सलाम करायचे.

त्या सोमवारी सकाळी मावशींना घेऊन मी निघाले. रस्त्यावर धान पाहिलं, स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, वेग बेताचा. बाहुला मला दुरून दिसत होता. आणि गाडीने एकदम ब्रेक मारला. म्हणजे माझा पाय ब्रेकवर नव्हताच, ब्रेक तिचा. चाकं किंचाळली, पट्टा छातीत रुतला. मावशींचा पदरातला हात सुटून पुढे फेकला गेला आणि डॅशबोर्डवर आदळला. त्यानंतर गाडीने पीं पीं केलं. आधी मारलं, मग सांगितलं.

कापगते काका बांधीतून धावत आले. "लागलं का कोनाले? का आडवं आलं?"

मावशी हात छातीशी धरून पुटपुटल्या, "कोन होता वो पोरी? मेला का?"

"कोणी नाही मावशी. तणशीचा बाहुला आहे."

"मंग थांबली काऊन?"

सगळ्या ट्रकवाल्यांना कळलं की तो माणूस नाही. हुशार गाडीला कळलं नाही. आणि शेजारच्या सीटवर खरा माणूस होता, तोही तिला कळला नाही.

गोंदियापर्यंत मावशी बोटाने हात चाचपत राहिल्या. गोरेगाव येईपर्यंत मी किती वेळा विचारलं असेल, "चालू आहे का मावशी?"

"हाय. पन हळू चालून रायली."

थोड्या वेळाने परत, "आहे ना?"

"तू रस्त्याकडं पाह्य ना वो. मी आहो ना पाह्याले."

दवाखान्यात पोचेपर्यंत हात कोपराजवळ सुजून निळा पडला होता. सिस्टरने स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. घरघर मंदावली होती, थांबली नव्हती. सुया दुसऱ्या जागी टोचल्या, मावशी ओठ चावून पडून राहिल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "नशीब समजा. या हाताला परत झटका बसता कामा नये. उजव्या हाताच्या नसा फार बारीक आहेत, तिथे जमेलच असं नाही. हा हात गेला तर अवघड होईल."

मी तिथूनच संस्थेच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला तपासायला पाठवली आणि ती लगेच परत आली. सरांनी बोलावलं.

"मैडम, रिपोर्ट आ गई. सिस्टम नॉर्मल है. सामने ऑब्स्टेकल था, गाड़ी ने ब्रेक लगाया. गाड़ी ने तो अपना काम किया."

"सर, तो बाहुला होता."

"लेकिन ऑब्स्टेकल तो था ना?"

म्हणजे गाडी पास. मग नापास कोण? त्याचंही उत्तर तयार होतं. सरांनी टाइप केलेला अर्ज पुढे सरकवला. रस्त्यावर बेकायदा धान टाकून आणि पुतळा उभारून अपघात घडवल्याबद्दल शेतकऱ्यावर कारवाई करावी. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी.

"सर, पेशंटला शेतकऱ्याने नाही मारलं. तुम्ही फक्त ही सिस्टीम या रस्त्यापुरती बंद करायची परवानगी द्या. मी लिहून देते, जबाबदारी माझी."

"वो नहीं हो सकता. सेफ्टी का मामला है."

"कोणाच्या सेफ्टीचा?"

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साइन कर दीजिए. आप ही को प्रॉब्लम क्यों होती है हर बार?"

मी सही केली नाही.

इकडे गावात काय चाललं होतं ते मला पुढच्या फेरीला कळलं. कापगते काका मावशींच्या घरी गेले होते. दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "शेवंताबाई, माह्यापाई झालं." मावशी म्हणाल्या, "तुमच्यापाई कायले होईन जी? तुमचा बाहुला तं जागचा हालला बी नाही." पण काकांच्या मनातून जाईना. बाहुला त्यांनी त्याच दिवशी उपटला होता. मग ते रस्त्याकडेच्या बाकीच्या शेतकऱ्यांकडे गेले आणि एक गोष्ट ठरली. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मावशींची गाडी जाईपर्यंत कोणी रस्त्यावर धान टाकायचं नाही. गाडी गेली की टाकायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. रात्री धानाचे ढीग करून ताडपत्रीने झाकतात, आणि ऊन पडल्या पडल्या पसरतात. हिवाळ्याचा दिवस लहान. सकाळचं ऊन गेलं की त्या दिवसाचं वाळवणं अर्धं गेलं, केंद्रावरचा नंबर मागे गेला. तरी ते लोक तयार झाले. सभा नाही, ठराव नाही, हार नाही. मी आयुष्यात जेवढी पत्रकं वाटली त्यातल्या एकानेही एवढं काम केलं नाही, हे मला इथे कबूल करावंच लागेल. पुढच्या सोमवारी आम्ही धान नसलेल्या रस्त्यावरून गेलो. बुडी दोनदा खाकरली, ती शेणाला. कडेला कापगते काका आणि काकू हात जोडून उभे होते, जणू आम्हीच कोणी मोठे.

मी आनंदाने सरांना फोन केला. "सर, प्रश्न मिटला. गावाने रस्ता मोकळा ठेवायचं ठरवलं."

सर म्हणाले, "लिखित में देंगे क्या गाँववाले?"

बुधवारी दुपारी संस्थेच्या ग्रुपवर मेसेज आला. रस्ता वाहनास अनुकूल नसल्यामुळे नवेगाव बांध फेरी पुढील सूचनेपर्यंत स्थगित. वाहन आजच कार्यालयात जमा करावे. वाहन यापुढे शहर परिसरातील रुग्णांसाठी वापरले जाईल. वाचकहो, हे वाक्य परत वाचा. रस्ता वाहनास अनुकूल नाही. वाहन रस्त्यास अनुकूल नाही, असं लिहायला कोणाची बोटं झडली असती का? शहरातल्या पेशंटला ऑटो मिळतो. ज्याला काही मिळत नाही त्याच्यासाठी गाडी आणली होती, आणि त्याच्याच दारात ती जाऊ शकत नाही म्हणून ती ज्याला सगळं मिळतं त्याला दिली. हातावर झटका बसला म्हणून झटके न देणारी गाडी काढून घेतली.

काही लोक अजून म्हणतात, तू सही केली असतीस तर फेरी चालू राहिली असती. असेल. कापगते काकांवर केस घालून मावशींना गाडीत बसवायचं, असा तो सौदा होता. मावशी त्या गाडीत बसल्या असत्या का, हे मला विचारणाऱ्यांनी मावशींना विचारावं. मी ती नोकरी सोडली. आता एका मालवाहू टेम्पोवर असते. त्याला काहीच कळत नाही, तो फक्त मी सांगते तेवढं करतो. मावशी काळी-पिवळी जीप आणि बस करून जातात. पोचायला उशीर झाला की मशीन कमी मिळतं, सूज राहते. हात अजून चालू आहे. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

पण त्या गुरुवारची सकाळ सांगायची राहिली. मावशींचा फोन लागत नव्हता. गाडी जमा करून मी रेल्वेने सौंदडला परतले होते. सकाळी पहिली बस पकडून निघाले, म्हणजे निदान मावशींना सोबत घेऊन जीपने गोंदियाला नेता येईल. कापगते काकांच्या बांधीजवळ बस आली तसा ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला, "आज रस्ता काऊन एवढा साफ बे? मंत्री येऊन रायला का?"

मी तिथेच उतरले. रस्त्यावर धानाचा दाणा नव्हता. काकूंच्या हातात खराटा होता, त्यांनी डांबर झाडून काढलं होतं. कडेने ताडपत्रीखाली ढीग, आणि प्रत्येक ढिगाजवळ दोनतीन माणसं, फावडी घेऊन उभी. मावशी त्यांच्यात पिशवी घेऊन उभ्या होत्या. हा झाडलेला रस्ता पाहायला त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या होत्या. सगळ्यांनी मला पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं.

"गाडी मांगून येऊन रायली का?" काकांनी विचारलं.

"नाही काका. नाही येत."

"बिघडली का?"

"नाही. चांगली आहे. गोंदियात उभी आहे." मग मेसेज वाचून दाखवावा तसं सांगितलं, "रस्ता खराब आहे म्हणून बंद केली."

काकांनी रस्त्याकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकू म्हणाल्या, "खराब कायचा? आमी तं झाडला बी."

ऊन ढिगांवर आलं होतं. तेवढ्यात नवेगाव बांधकडून काळी-पिवळी आली, आधीच गच्च भरलेली. ड्रायव्हरने मावशींचा हात पाहून एका पोराला पुढच्या सीटवरून मागे हाकललं. मी मागे फळीला धरून उभी राहिले. मावशी हात पदरात गुंडाळून बसल्या.

कापगते काका जीपच्या खिडकीशी आले. त्यांना माझी परवानगी हवी होती की मावशींची, की त्या न आलेल्या गाडीची, ते मला कळलं नाही. त्यांनी विचारलं, "तं मंग आता धान टाकू का जी आम्ही?"

माझ्या आधी मावशीच बोलल्या.

"टाका ना जी. ऊन वाया कायले घालवता?"